किती पाजलंत?

इंजिन ऑइल घरी बदलायचा निर्णय माणूस गाडीच्या काळजीपोटी घेत नाही, गॅरेजवाल्यावरच्या संशयापोटी घेतो. हा संशय फार जुना नाही. साधारण 1985 नंतरचा आहे. त्याआधी मध्यमवर्गाची दुचाकी म्हणजे चेतक, लूना, राजदूत, येझदी, सगळ्या टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळायचं आणि धूर होऊन मागच्याच्या नाकात जायचं. गिअरचं ऑइल वेगळं असे, पण त्याची आठवण मालकाला नव्हे, मिस्त्रीला व्हायची. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली, फोर-स्ट्रोक घराघरांत शिरलं आणि त्यासोबत इंजिनाच्या पोटाखालचा तो ड्रेन बोल्ट सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात आला. बुलेटवाल्यांकडे तो आधीपासूनच होता. पण बुलेटवाल्यांचं सगळंच निराळं असतं, त्यांच्याकडे नंतर वळतो.

बोल्ट आला तसा संशय आला. आपण चहाला गेलो की गॅरेजवाला जुनंच ऑइल परत ओततो. नवी बाटली फोडतो, पण अर्धीच ओततो, आणि अशा दोन अर्ध्यांची संध्याकाळी एक पूर्ण बाटली करतो. म्हणून गिऱ्हाईक गाडीशेजारी उकिडवं बसून राहतं, बाटलीचं सील आपल्यासमोर तुटलं याची खात्री करतं, आणि शेवटी रिकामी बाटली मागून घेतं. या रिकाम्या बाटल्यांचं लोक पुढे काय करतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पुरावा म्हणून ठेवत असावेत.

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, यांच्या बाबतीत तर संशय हा पोटापाण्याचा विषय होता. आयुष्यभर त्यांनी ऑडिट केलं. निवृत्त झाल्यावर तपासायला व्हाउचरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी सर्व्हिसिंगचं बिल तपासायला घेतलं आणि त्यात ‘ऑइल बदलण्याची मजुरी’ अशी एक ओळ त्यांना सापडली. एक बोल्ट काढायचा आणि तोच परत लावायचा, याला मजुरी? पुढच्या रविवारी मला पुण्याला बोलावणं आलं. माझं काम टॉर्च धरण्याचं होतं. मोटारसायकलला हात लावणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला टॉर्च धरायला एक नातेवाईक लागतो, आणि ‘अरे, इकडे धर, इकडे!’ हे वाक्य म्हणायला तो नातेवाईक वयाने लहान असावा लागतो.

तयारी जय्यत होती. सतराचा रिंग पाना शेजारून आला होता. जुनं ऑइल झेलायला एक किलो श्रीखंडाचा रिकामा डबा होता. इथे एक शास्त्रीय बाब सांगून ठेवतो. श्रीखंड ऑइलपेक्षा बरंच जड असतं, त्यामुळे एक किलो श्रीखंड ज्यात मावतं त्यात एक लिटर ऑइल मावत नाही. भाऊजींनी डब्यावरचा आकडा वाचला होता, एकक वाचलं नव्हतं.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि गाळासकट उतरतं. सल्ला बरोबरच आहे. फक्त गरम ऑइल हाताला गरमच लागतं, हे पुस्तकात नसतं. शेवटच्या आट्याला भाऊजींनी ‘आई गं’ म्हणून हात मागे घेतला, बोल्ट डब्यात पडला, पाठोपाठ काळं ऑइल आलं, डबा काठोकाठ भरला आणि उरलेलं ऑइल सायलेन्सरवर, फ्रेमवर, पार्किंगच्या फरशीवर आणि माझ्या चपलेवर गेलं. बोल्ट बोटाने चाचपून काढला. बोल्टबरोबर एक तांब्याचा वॉशर असतो, त्याची आठवण त्या क्षणी कुणालाच झाली नाही.

मग नवं ऑइल. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे दिलेले असतात: इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडलं तर किती, आणि नुसता बोल्ट काढून ऑइल बदललं तर किती. दुसरा आकडा कमी असतो, कारण बोल्ट काढला तरी सगळं ऑइल खाली येत नाही. थोडं कोपऱ्याकोपऱ्यांत आणि क्लचच्या प्लेटांत अडकून राहतं. बाटली मात्र लिटरची होती. मी टॉर्चच्या जागेवरून विचारलं, ‘भाऊजी, थोडं ठेवायचं ना?’ ते म्हणाले, ‘पैसे लिटरचे दिलेत. उगाच शिल्लक ओढत न्यायची कशाला?’ आणि खातं बंद केलं.

सोमवारी सकाळी गाडीखाली थेंब होता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइलचा थेंब पडणं ही खाजगी घटना राहत नाही. वॉचमन पाहतो, तो सेक्रेटरींना सांगतो, सेक्रेटरींना नव्या पेव्हर ब्लॉकची काळजी असते, आणि मग खाली उतरलेला प्रत्येक जण वाकून पाहतो आणि निदान करतो. पाटबंधारे खात्यातले एक काका म्हणाले, हेड पॅकिंग. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं मत ऑइल सीलकडे झुकलं. एका तरुणाने गाडीकडे न बघताच ‘पिस्टन’ असं म्हटलं आणि ऑफिसला गेला. मी थोडी चौकशी केली तेव्हा कळलं, की काकांचा पूर्वी हेड पॅकिंगवर मोठा खर्च झाला होता, डॉक्टरांच्या स्कूटरचं सील गेलं होतं, आणि त्या तरुणाच्या गाडीचा पिस्टन जाम झाला होता. माणसाचा खिसा ज्या भागापायी फाटलेला असतो, तोच भाग त्याला दुसऱ्याच्या गाडीत बिघडलेला दिसतो. माझ्या मते याला निदान न म्हणता सहानुभूती म्हणावं.

उपायांनाही तोटा नव्हता. कुणी एम-सील लावा म्हणालं, कुणी अ‍ॅनाबाँड. एका जुन्या माणसाने साबणाची वडी घासायला सांगितली. तो उपाय पेट्रोलच्या टाकीच्या बारीक भोकासाठी प्रवासात कामचलाऊ आहे, इंजिनाखाली त्याचा फेसही होत नाही. ‘माझ्याकडे कारचं अर्धा लिटर उरलंय, ते घाला, दाट आहे,’ असंही एकाने मोठ्या मनाने सुचवलं. हे मात्र वेळीच थांबवावं लागतं. मोटारसायकलच्या बहुतेक इंजिनांत क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात; कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरतो. बाटलीवर जेएएसओ एमए किंवा एमए2 असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते याचसाठी. स्कूटरच्या बाटलीवर एमबी असतं, तेही मोटारसायकलला चालत नाही. ती अक्षरं आपल्याकडे कुणी वाचत नाही. सगळे आधी किंमत वाचतात आणि मग बाटलीवरचं रेसिंगचं चित्र बघतात.

या सगळ्या गडबडीत फक्त एक माणूस शांत होता. ते जुने बुलेटवाले. 1955 पासून मद्रासला बनू लागलेल्या त्या गाडीचं इंजिन मुळात इंग्लंडचं. त्या काळच्या इंग्लिश इंजिनांची खोळ उभी दुभागलेली असायची, सांध्यांवर कागदाचं पॅकिंग, आणि आतला दाब बाहेर सोडायची व्यवस्था बेताची. त्यामुळे ऑइल जिथून वाट मिळेल तिथून डोकवायचं. 1969 साली होंडाने सीबी 750 आणली, तिची खोळ आडवी दुभागलेली आणि खालची जमीन कोरडी. इंग्लिश कारखान्यांना घाम फुटला, आणि बहुधा त्या घामातही थोडं ऑइल असावं. पण बुलेटवाल्यांनी हे सारं कधीच मनाला लावून घेतलं नाही. खाली ऑइल दिसलं तर आत ऑइल आहे, आणि खाली दिसेनासं झालं तर आतलं संपलं असं समजावं, हा त्यांचा हिशेब. ते भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘गळतंय ना? मग चांगलं आहे.’ ऑडिटवाल्या माणसाला हा धीर मानवला नाही.

तेव्हा पद्धतशीर शोध सुरू झाला. गळतीचा पहिला नियम असा, की ऑइल गळतं एकीकडे, ओघळतं दुसरीकडे आणि थेंब पडतो तिसरीकडे. चालत्या गाडीत वाऱ्याने ते मागे सरकतं, उभ्या गाडीत उताराने खाली येतं. म्हणून थेंबाच्या बरोबर वर असलेल्या बोल्टला शिव्या देण्यात अर्थ नसतो. इंजिन आधी लख्ख धुवायचं आणि मग सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. धुवायला पूर्वी रॉकेल असे. आता ते शोधूनही मिळत नाही, म्हणून डिझेल आणि जुना टूथब्रश. ब्रश जुना आहे की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली.

धुतल्यावर इंजिनाला टाल्कम पावडर लावायची. हा खरोखरीचा उपाय आहे, गंमत नाही. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची बारीक रेषाही लगेच काळी उमटते. ताईची पावडर आली. भाऊजींनी इंजिनाला ती दोन हातांनी चोपडली. त्या संध्याकाळी सोसायटीत मोगऱ्याचा वास सुटला होता, आणि एक आजी विचारून गेल्या, ‘खंडेनवमी झाली ना रे? मग आत्ता कसली पूजा?’

पावडरीने पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की पहिले थेंब मुळी गळतीचे नव्हतेच. श्रीखंडाच्या डब्याबाहेर सांडलेलं ऑइल फ्रेमच्या खाचेत साठून राहिलं होतं आणि ते सवडीने उतरत होतं. घरी ऑइल बदललेल्या निम्म्या गाड्यांची गळती या जातीची असते असा माझा अंदाज आहे, आणि या निम्म्या गाड्यांवरच सगळ्यात जास्त अ‍ॅनाबाँड खर्च होतो.

दुसरी गोष्ट मात्र खरी निघाली. ड्रेन बोल्टभोवती काळं कडं उमटलं होतं. भाऊजींनी पाना घेतला, त्याला नळाच्या पाइपचा तुकडा जोडला आणि दोन्ही पाय भिंतीला टेकवले. इथे मी टॉर्च बंद केला. एवढाच अधिकार मला होता. या बोल्टला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर जोर सांगितलेला असतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तो बारा-पंधरा किलो होतो, म्हणजे गॅसचं रिकामं सिलिंडर उचलण्याएवढा. पाइप लावला की तेवढ्याच जोराचा दुप्पट पीळ बसतो. बोल्ट पोलादाचा, इंजिनाची खोळ अ‍ॅल्युमिनियमची. अशा भांडणात आटे अ‍ॅल्युमिनियमचेच जातात. मग भोक मोठं करा, त्यात नवे आटे पाडा, हेलिकॉइलची तार बसवा, आणि हे करणारा माणूस शोधा. भाच्याने इंटरनेटवर बघून टॉर्क रेंच विकत घ्यायला सांगितलं होतं. भाऊजींनी किंमत पाहिली आणि तेवढ्यात गॅरेजवाल्याची किती वर्षांची मजुरी निघेल याचा तोंडी हिशेब करून मोबाइल परत दिला.

मी विचारलं, ‘भाऊजी, वॉशर?’

वॉशर श्रीखंडाच्या डब्यात तळाशी होता.

या वॉशरचं काम चेंगरण्याचं. बोल्ट आवळला की तो चपटा होतो आणि धातूच्या दोन पृष्ठभागांतल्या बारीक खाचा भरून काढतो. एकदा चेंगरला की दरवेळी नवा घालायचा. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग आहे, वॉशर चिल्लर पैशांत मिळतो, आणि तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढं पेट्रोल जातं तेवढ्यात डझनभर वॉशर यावेत. भाऊजींनी दुसरा मार्ग काढला. तांबं दाबलं गेलं की कडक होतं, आणि लालसर होईतो तापवून गार केलं की पुन्हा मऊ पडतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून ठोकून कडक झालेलं भांडं पुन्हा भट्टीत घालतात, ते याच कारणाने. म्हणजे कल्पना शास्त्राला धरून होती. (वॉशर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर हा प्रयोग करू नका, तो लाल न होताच वितळतो.) फक्त भट्टी म्हणून स्वयंपाकघरातली शेगडी घेतली होती, चिमटा पोळ्यांचा होता, आणि वॉशरवरचं जळकं ऑइल पुसायचं राहिलं होतं. घरभर धूर झाला. ताई बाहेरून आली, दारातच थांबली आणि म्हणाली, ‘अहो, आपण नवीन गाडी घेऊ या का?’

वॉशर बसला. बोल्ट बेताने आवळला. पण वॉशर बसवायला बोल्ट काढावा लागतो आणि बोल्ट काढला की नवं ऑइल बाहेर येतं, ते या वेळी ताईच्या स्टीलच्या टोपात घेतलं होतं. ते गाळून परत ओतलं. गळालं, सांडलं, टोपाला लागलं, हे सगळं धरून थोडं कमी झालं असणार असा भाऊजींचा अंदाज. म्हणून त्यांनी आणखी एक बाटली आणली आणि पातळी बघितली. साइड स्टँडवर.

आता साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. आतलं ऑइल डावीकडे जातं. डिपस्टिक किंवा काचेची खिडकी बहुतेक गाड्यांत उजवीकडे असते. म्हणजे पोटभर ऑइल असलं तरी काडी कोरडी येते. गाडी सरळ उभी करायची, इंजिन थोडं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग बघायचं. आणि पुष्कळ गाड्यांत काडी पिळून न बसवता नुसती टेकवून बघायची असते. भाऊजींना काडी कोरडी दिसली. त्यांनी ओतलं. पुन्हा बघितलं. पुन्हा थोडं ओतलं.

दुसऱ्या दिवशी पावडर लावलेलं इंजिन खडखडीत कोरडं होतं. बोल्ट कोरडा, फिल्टरचं झाकण कोरडं, सगळे सांधे पांढरेशुभ्र. आणि गाडीच्या मागच्या अंगाला, सीटच्या बरोबर खाली, जमिनीवर थेंब होता. आधीपेक्षा मोठा.

सोसायटी निःशब्द झाली. एकाही सभासदाचा त्या जागी कधी खर्च झालेला नव्हता.

मग मात्र गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. तो एका स्कूटरच्या चाकाशी बसला होता. त्याने उठायचीही तसदी घेतली नाही. बसल्या बसल्या आमच्या गाडीच्या एअर फिल्टरच्या पेटीखालची एक बारीक नळी दोन बोटांत धरली, ती ऑइलने भरलेली होती, आणि भाऊजींकडे पाहून म्हणाला, ‘काका, ही गळत नाहीये. ओकतीये. किती पाजलंत?’

इतकं अचूक तांत्रिक वर्णन मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही. पिस्टन खाली येतो तसा इंजिनाच्या पोटातल्या हवेवर दाब येतो, वरून थोडे जळके वायूही झिरपतात. हा दाब एका ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या पेटीत सोडलेला असतो. ऑइल जास्त झालं की क्रँक ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि तो फेस त्याच नळीने वर चढून पेटीत जाऊन बसतो. पेटी भरली की तिच्या तळाच्या नळीतून थेंब पडतो. इंजिन, बोल्ट, पॅकिंग, सील, पिस्टन, सगळे निर्दोष. जास्तीचं भरलेलं तेवढं गाडीने परत केलं होतं.

मिस्त्रीने गाडी सरळ उभी करायला लावली, बोल्ट सैल करून जादा ऑइल एका डब्यात काढलं, पेटी पुसली, काडी बघितली. मजुरी विचारली तर म्हणाला, ‘राहू द्या काका, यात काय आहे!’ हा ‘राहू द्या’ भाऊजींना बिलापेक्षा जास्त लागला. एअर फिल्टर मात्र ऑइलने भिजून गेला होता, तो नवा घ्यावा लागला. त्याची किंमत, जादा बाटली, डिझेल, पावडर आणि एक पोळ्यांचा चिमटा एवढं धरून त्या वर्षीच्या हिशेबात तूट आली. तरीही घरी ऑइल बदलू नये असं मी म्हणणार नाही. ज्याने आपल्या इंजिनाखाली एकदा पाठ टेकली, त्याला पुढे गॅरेजमध्ये कुणी उगाच हेड पॅकिंग विकू शकत नाही. भाऊजी आता वर्षातून दोनदा तरी ऑइल घरीच बदलतात, नवा वॉशर आधी आणून ठेवतात, आणि त्यांची गाडी गळत नाही.

तुम्ही बदलणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. जळकं ऑइल न्यायला लोक टपलेले असतात. कुणाला सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायचं असतं, कुणाला गावच्या घरच्या चौकटीला, वाळवीसाठी. कायद्याने तो घातक कचरा आहे, 2016 च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे, तेव्हा ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात न ओतता गॅरेजमागच्या पिंपात नेऊन द्या. आणि नव्या बाटलीत शंभर-दोनशे मिली उरलं तर झाकण घट्ट लावून ते कपाटात ठेवा. ऑइल नासत नाही.